बार्शी-परळचं संशोधन आपल्या घरापर्यंत

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या लशीचा एक डोसही पुरेसा ठरू शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मान्य केलं. त्यामागच्या पुराव्यातला मोठा वाटा भारतातल्या मुलींचा आहे, आणि त्या अभ्यासाच्या केंद्रांत महाराष्ट्रातलीही होती: सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी आणि पुणे. त्याच वर्षी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. डोकं-मान भागाच्या, म्हणजे तोंड-घशाच्या, हाताबाहेर गेलेल्या कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपीचं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहून कमी दिलं, तरी रुग्णाचं आयुष्य वाढतं. दोन्ही शोध आपल्या माणसांच्या शरीरांवर, आपल्याच रुग्णालयांत लागले. त्यांचा फायदा मात्र आपल्या घरांपर्यंत फार थोडा आला आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी फक्त १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी ना कधी करून घेतल्याचं सांगितलं होतं.

तो फायदा घरात आणायचा तर काय करायचं, कोणाला काय विचारायचं आणि सरकारकडे काय मागायचं, ते या लेखात सांगतो आहे.

लेकीची लस

गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा, कॅन्सर जवळपास नेहमीच एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा शोध लावणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो आणि तो इतका सर्वत्र आहे, की लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. काही स्त्रियांच्या शरीरात मात्र तो मुक्काम करतो आणि पंधरा-वीस वर्षांनी त्यातून कॅन्सर उभा राहतो. म्हणून या आजाराचा संबंध कोणाच्या चारित्र्याशी जोडू नका. एकाच पुरुषाशी संसार केलेल्या बाईलाही तो होतो. भारतात २०२२ या एका वर्षात या कॅन्सरच्या सव्वा लाखाहून अधिक नव्या रुग्णांचा आणि सुमारे ८० हजार मृत्यूंचा अंदाज आहे. यातले बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे होते, हे मला कधीच विसरता येत नाही.

एचपीव्हीचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांतले १६ आणि १८ हे दोनच सुमारे ७० टक्के कॅन्सरना कारणीभूत असतात, आणि बाजारातल्या सगळ्या लशी या दोन्हींवर चालतात. स्वीडनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी आढळला. १७ ते ३० या वयात लस घेतलेल्यांमध्ये तो ५३ टक्क्यांनी कमी होता. वय वाढलं की फायदा उतरतो, कारण लस आधी झालेली लागण बरी करत नाही, ती पुढची लागण रोखते. ९ ते १४ या वयात शरीर लशीला प्रतिसादही अधिक जोमदार देतं. ‘एवढ्या लहान मुलीला कशाला?’ असं घरातल्या मोठ्यांनी विचारलं, तर हे कारण सांगा. मुलीशी बोलताना फार खोलात जायची गरज नाही; ‘ही कॅन्सर होऊ नये म्हणून घ्यायची लस आहे’ एवढं पुरतं आणि ते पूर्ण खरं आहे.

आता डोस किती, हा प्रश्न. खासगी दवाखान्यात मिळणारी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस जुलै २०२२ मध्ये मंजूर झाली. बाजारात आली तेव्हा तिचा एक डोस दोन हजार रुपयांच्या आसपास होता. तिच्या मंजुरीप्रमाणे ९ ते १४ या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घ्यायचे असतात आणि १५ ते २६ या वयात तीन. परदेशी बनावटीची गार्डासिलही मिळते, ती महाग आहे. जागतिक आरोग्य संघटना ९ ते २० वयाच्या मुलींसाठी एक किंवा दोन डोस पुरेसे मानते. मात्र बार्शी-पुण्याचा एका डोसचा पुरावा गार्डासिलचा आहे, तो प्रत्येक लशीला जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून पैसे भरून लस घेत असाल, तर त्या लशीला लागू असलेले डोस पूर्ण करा. सरकारी मोहिमेत एक डोस मिळत असेल, तर ‘अर्धवट’ म्हणून नाकारू नका. एचआयव्हीसह जगणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्या मुलींना मात्र एक डोस पुरत नाही. त्यांना शक्यतो तीन द्यावेत आणि ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

विकत घेण्याआधी आशाताईंकडे, उपकेंद्रातल्या सिस्टरकडे किंवा शहरात महापालिकेच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा, की मोफत लस कोणत्या वयाच्या मुलींसाठी आणि कोणत्या दिवशी आहे. सरकारी मोहिमांमध्ये वयाची मर्यादा काटेकोर असते. मुलगी एका वर्षाने त्यातून सुटून जाऊ शकते. म्हणून वाढदिवस जवळ आला असेल तर थांबू नका.

लशीच्या दिवशी मुलीने पोटभर खाऊन जावं. टोचल्यानंतर पंधरा मिनिटं तरी तिला तिथेच बसवा, कारण या वयात सुईच्या भीतीने चक्कर येणं नेहमीचं आहे आणि पडून लागण्याचा धोका लशीपेक्षा मोठा असतो. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते. पाळी चालू असली तरी लस घेता येते. लशीने मूल होत नाही ही अफवा आहे. ज्या देशांत २००७-०८ पासून ही लस शाळाशाळांत दिली जाते, तिथल्या त्या वेळच्या मुली आज आया झाल्या आहेत. आधीच्या एखाद्या लशीने गंभीर अ‍ॅलर्जी झाली असेल तर ते आधी सांगा, आणि गर्भारपणात ही लस पुढे ढकला. कार्डाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. लस कोणती आणि कधी दिली, हे दहा वर्षांनीही विचारलं जाईल.

मुलांनाही लस देता येते, आणि त्यांनाही एचपीव्हीमुळे घशाचे व इतर काही कॅन्सर होतात. पण घरात पैसे एकाच लशीपुरते असतील, तर आधी मुलीला द्या.

सही कोणाची?

बार्शी-पुण्याचा पुरावा कसा जमला, ती कहाणी प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने जाणून घ्यावी अशी आहे. २००९ साली दोन वेगवेगळी कामं सुरू झाली होती. एक होता आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अभ्यास, दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना करणारा. दुसरा होता पाथ या संस्थेचा लसीकरण प्रकल्प, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत. या दुसऱ्या प्रकल्पात लस घेतलेल्या सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही; खाणीच्या पाण्यात बुडणं, सर्पदंश, कीटकनाशक, मलेरिया अशी कारणं पुढे आली. पण त्याच चौकशीत दुसरं एक सत्य बाहेर आलं. खम्ममच्या वसतिगृहांतल्या कितीतरी आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या सह्याच नव्हत्या. त्या वॉर्डन आणि मुख्याध्यापकांनी केल्या होत्या. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने यावर अतिशय कठोर अहवाल दिला.

२०१० च्या या बंदीचा फटका पहिल्या अभ्यासालाही बसला. त्यातल्या सतरा हजारांहून अधिक मुलींपैकी सुमारे पाच हजार जणींना एकच डोस मिळाला आणि पुढचे डोस राहूनच गेले. संशोधकांनी त्या मुलींना सोडलं नाही, वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. २०२१ साली निष्कर्ष आले. १६ आणि १८ या प्रकारांची टिकून राहणारी लागण रोखण्यात एक डोस ९५.४ टक्के, दोन डोस ९३.१ टक्के आणि तीन डोस ९३.३ टक्के परिणामकारक ठरले होते. व्यवहारात तिन्ही सारखेच. आज जगातले अनेक देश एकच डोस देऊन दुप्पट मुलींपर्यंत पोचत आहेत, त्यात याच मुलींचा मोठा वाटा आहे. ब्रिटननेही सप्टेंबर २०२३ पासून शाळेत एकच डोस द्यायला सुरुवात केली.

लस निर्दोष ठरली, तरी संमती निर्दोष नव्हती, आणि त्याची किंमत देशाने मोजली. सिक्कीमने २०१८ साली राज्यभर मोहीम राबवून जवळपास ९७ टक्के मुलींना लस दिली. ती आधी शिक्षकांशी, पालकांशी, पत्रकारांशी बोलून राबवली होती. बाकीच्या देशात मात्र खम्ममची सावली वर्षानुवर्षं राहिली. लशीवरचा विश्वास उडाल्याचा फटका जपाननेही भोगला. २०१३ साली तिथल्या सरकारने लशीची शिफारस आवरती घेतली, तेव्हा सुमारे ७० टक्क्यांवर असलेलं लसीकरण एका टक्क्याच्या खाली गेलं, आणि शिफारस पूर्ववत व्हायला २०२२ साल उजाडलं.

आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोली, पालघर, नाशिक या जिल्ह्यांतल्या आश्रमशाळांमध्ये हजारो मुली घरापासून दूर राहतात. तिथे लस द्यायची म्हटलं की संमतीची तीच घाई होण्याचा धोका आहे. तुम्ही अशा शाळेत शिक्षक, अधीक्षिका किंवा शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य असाल, तर माझी कळकळीची विनंती आहे: आईबापांच्या वतीने सही करू नका. मुली दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जातात तेव्हा संमतीपत्र सोबत द्या, पाड्यावर जाऊन भिलीत, गोंडीत, वारलीत समजावणारी बाई शोधा, आणि लसीकरण सुट्टीनंतर ठेवा. महिनाभर उशीर झाला तरी चालेल. एका मुलीचीही लस आईबापांच्या नकळत दिली गेली, आणि पुढच्याच आठवड्यात तिला दुसऱ्याच कारणाने काही झालं, तर सगळ्या तालुक्याचा विश्वास जाईल, आणि तो कोणत्याही अहवालाने परत येत नाही.

लशीनंतर काही गंभीर घडलं, तर ते दडपू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी कळवा. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनेची नोंद आणि चौकशी करणं हे त्यांचं काम आहे. लाखो मुलींना टोचताना एखादीला खरोखर त्रास होऊ शकतो. ब्रिटनने १९७९ साली आणि अमेरिकेने १९८६ साली अशा नुकसानीच्या भरपाईसाठी कायदे केले. कोणाची चूक होती हे सिद्ध करायला न लावता भरपाई देणारी पक्की व्यवस्था आपल्याकडेही हवी. लस घ्या असं सरकार सांगतं, तेव्हा विरळा घडणाऱ्या अपायाचा भारही सरकारने उचलायला हवा.

आईची तपासणी

लेकीला लस देऊन घरी परतणाऱ्या आईचं वय बहुधा तिशी-चाळिशीत असतं. तिच्यासाठी लशीचा फायदा आता फारसा उरलेला नाही; तिला तपासणी हवी. याही बाबतीत पुरावा आपल्या मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरने मेलेल्या स्त्रिया ३४ होत्या. तुलनेच्या गटात त्या ६४ होत्या. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांची तपासणी न करता त्यांना केवळ माहिती दिली गेली, यावर पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते मला योग्य वाटतात. त्यामुळेच त्या जिल्ह्याचं आपल्यावर ऋण आहे. ही चाचणी धाराशिवच्या प्रत्येक गावात तरी आता सहज मिळायला हवी.

सरकारी केंद्रांत ३० वर्षांवरच्या स्त्रियांसाठी साधी तपासणी असते. गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात आणि मिनिटभराने पांढरा डाग दिसतो का ते बघतात. मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१४ साली टाटा मेमोरियलच्या अभ्यासाने दाखवलं. एचपीव्हीची चाचणी अधिक अचूक असते आणि तिचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. पडद्याआड, स्वतःच्या हाताने. संकोचाने तपासणी टाळणाऱ्या बायकांना हे आवर्जून सांगा. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पुढची तपासणी हवी, एवढाच तिचा अर्थ. मात्र ती पुढची तपासणी खरंच व्हायला हवी. घाबरून घरी बसलं तर चाचणी केल्याचा उपयोग काय?

संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, दुर्गंधी असलेलं पांढरं जाणं, यांपैकी काही असेल तर शिबिराची वाट पाहू नका, थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तिशीत तपासणी करायची आहेच.

डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली तर

आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणं ही कल्पना नवी नाही. क्षयाविरुद्ध बाळांना देतात ती बीसीजी लस १९७६ पासून मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये वापरली जाते, आजही. गेल्या दशकातली मोठी झेप वेगळी आहे. प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवर एक ब्रेक असतो, आणि कॅन्सर तो दाबून धरतो. हा ब्रेक सोडवणारी निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, दुर्वालुमॅब यांसारखी औषधं आली. या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळालं. काही रुग्णांत ती थक्क करणारा, वर्षानुवर्षं टिकणारा परिणाम दाखवतात. पुष्कळांना त्यांचा काहीच उपयोग होत नाही, आणि नातेवाइकांपर्यंत नेमकी हीच गोष्ट पोचत नाही.

म्हणून शेत गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना शांतपणे विचारा. आजार बरा होण्याची आशा आहे की आयुष्य काही महिन्यांनी वाढवायचं आहे? याच कॅन्सरच्या, याच टप्प्यातल्या शंभर रुग्णांपैकी किती जणांना फायदा होतो? तुकडा तपासणीच्या नमुन्यावर पीडी-एल१ किंवा एमएसआय ही चाचणी केली का, आणि तिचा निकाल काय सांगतो? फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर किंवा एएलके हे जनुकीय बदल सापडले, तर गोळ्यांचा उपचार आधी असतो आणि इम्युनोथेरपीचा उपयोग कमी. ती तपासणी झाली का? किती डोसांनंतर स्कॅन करून औषध चालू ठेवायचं की थांबवायचं ते ठरवणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. दुसरं मत घेणंही अपमानाचं नाही.

तोंड-घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांनी आणखी एक प्रश्न विचारावा, आणि गुटखा, मावा, मिश्रीने पोखरलेल्या आपल्या राज्यात असे रुग्ण घरोघरी आहेत. टाटा मेमोरियलच्या अभ्यासात १५१ रुग्ण होते, सगळे बरे होण्याच्या पलीकडे गेलेले. निम्म्यांना कमी मात्रेची तोंडाने घ्यायची औषधं दिली, निम्म्यांना त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. वर्षभराने पहिल्या गटातले १६.३ टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्या गटातले ४३.४ टक्के. कमी मात्रेची तुलना इथे पूर्ण मात्रेशी केलेली नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण आपल्यासारख्या देशांत शंभरांत एक ते तीन रुग्णांनाच पूर्ण मात्रा परवडते, असं याच डॉक्टरांनी नोंदवलं आहे. उरलेल्यांसाठी खरी निवड कमी मात्रा की काहीच नाही, अशी आहे. तेव्हा सरळ विचारा: ‘डॉक्टर, आमच्या पेशंटला कमी मात्रेचं निवोलुमॅब चालेल का?’ दुसऱ्या कॅन्सरसाठी किंवा दुसऱ्या टप्प्यासाठी स्वतःच्या मनाने मात्रा कमी करायला मात्र सांगू नका.

या औषधांचे त्रास किमोसारखे नसतात, आणि घरच्या माणसांनी सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायचं आहे. सुटलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यांवर, फुप्फुसांवर, यकृतावर, थायरॉइडवर, क्वचित हृदयावर चालून जाते. हे औषध संपल्यावर महिन्यांनीही होऊ शकतं. दिवसातून चार-पाच वेळा जुलाब, नवा कोरडा खोकला किंवा धाप, छातीत दुखणं, डोळे पिवळे होणं, न मावळणारा थकवा यांपैकी काही दिसलं तर गावातल्या मेडिकलमधून जुलाबाची गोळी आणून वाट बघू नका. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. वेळेत स्टिरॉइड मिळालं तर बहुतेक त्रास आटोक्यात येतात. ‘हा रुग्ण इम्युनोथेरपीवर आहे’ असं औषधाच्या नावासह लिहिलेला कागद रुग्णाच्या पाकिटात ठेवा; रात्री तालुक्याच्या रुग्णालयात न्यावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरला तो लागेल.

कार-टी ही याहून वेगळी आणि अवघड गोष्ट. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांच्यात जनुकीय बदल करून त्या परत देतात. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत घडवलेल्या नेक्सकार१९ या भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशात अशा उपचारांची किंमत तीन-चार कोटी रुपये असते, इथे ती तीस-चाळीस लाखांच्या घरात आली. हा उपचार बी पेशींच्या रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसाठी आहे, तोही इतर उपचार हरल्यानंतर. चाचण्यांमध्ये ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. स्तनाच्या किंवा पोटाच्या कॅन्सरसाठी कोणी ‘कार-टी करून देतो’ म्हणालं, तर ती चाचणी आहे की फसवणूक, हे तपासा.

‘कॅन्सरवर लस आली’ असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतात. खरं इतकंच आहे: प्रत्येक रुग्णाच्या गाठीनुसार बनवलेली एमआरएनए लस पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीने दिल्यावर, शस्त्रक्रिया झालेल्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, १५७ रुग्णांच्या अभ्यासात आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाला. हे खूप आशादायक आहे. पण अशी लस अजून मोठ्या चाचण्यांमधून जाते आहे, दुकानात मिळत नाही. कोणी चाचणीत सहभागी व्हायला सांगितलं, तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतला तिचा क्रमांक मागा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा रुग्णाचा हक्क आहे. चाचणीतल्या औषधाचेच लाखो रुपये मागितले जात असतील, तर तिथून उठा.

पैशांचं आणि हक्कांचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण योजनेत प्रत्येक औषध नसतं. रुग्णालयात आरोग्यमित्रांच्या टेबलावर जाऊन रेशनकार्ड-आधार दाखवा आणि सुचवलेलं औषध पॅकेजमध्ये बसतं का, ते उपचाराआधी विचारून घ्या. मोठी खासगी रुग्णालयं धर्मादाय म्हणून नोंदलेली असतील, तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून लेखी अर्ज द्या. आरोग्य विम्यात इम्युनोथेरपी ‘आधुनिक उपचार’ म्हणून २०२० पासून समाविष्ट आहे, मात्र कंपन्या त्यावर वेगळी मर्यादा घालू शकतात. दहा लाखांच्या पॉलिसीत इम्युनोथेरपीला अडीच लाखच मिळतील, असंही होऊ शकतं. पॉलिसी घेतानाच ते कलम वाचा. आणि औषधाचं स्वस्त भारतीय बायोसिमिलर रूप निघालं आहे का, हे प्रत्येक वेळी विचारा.

एकट्याने घासाघीस करून ही औषधं स्वस्त होत नाहीत. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्र खरेदी केली, तेव्हा सुमारे १,३२० कोटी रुपये वाचले. सरकारने हाच मार्ग इम्युनोथेरपीसाठी आणि एचपीव्ही चाचण्यांसाठी जिल्हा रुग्णालयांपर्यंत न्यावा. कमी मात्रेच्या उपचारात ४० मिलिग्रॅमच्या एका कुपीत दोन रुग्णांचं भागतं. त्यासाठी दोघांना एकाच दिवशी बोलावणं आणि औषध निर्जंतुकपणे विभागू शकणारा प्रशिक्षित फार्मासिस्ट असणं गरजेचं आहे. ही सोय सोलापूर, लातूर, चंद्रपूर, जळगावला उभी राहिली, तर रुग्णाला दर तीन आठवड्यांनी परळच्या फुटपाथवर रात्र काढावी लागणार नाही.

तुमच्या जिल्ह्यात हे कुठवर आलं आहे, ते विचारायचा साधा मार्ग माहितीच्या अधिकाराचा आहे. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, यांच्या कार्यालयात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्या. गेल्या वर्षी किती मुलींना एचपीव्हीची लस दिली, किती संमतीपत्रांवर पालकांची सही आहे, ३० वर्षांवरच्या किती स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी झाली, ज्यांच्यात दोष सापडला त्यांतल्या किती जणी उपचारापर्यंत पोचल्या, हे चार प्रश्न विचारा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ते आलं की महिला ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि चौथ्या प्रश्नाचा आकडा कोरा असेल तर त्याच सभेत ठराव करून तो पुन्हा मागा.